रंग बघितला, ब्रेक बघितला नाही



जून महिना आला की आमच्या शाळेत आणि तुमच्या-माझ्या घरात एकच हिशेब सुरू होतो. वह्या, दप्तर, गणवेश, फी आणि ‘जायचं कशाने?’ गेल्या वर्षी हा शेवटचा प्रश्न आमच्या घरी आला. मुलगी दहावी पास झाली. अकरावीला तिला विश्रामबागेतल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आम्ही मिरजेत राहतो. घरापासून कॉलेज सहा-सात किलोमीटर. रिक्षाचे महिन्याचे पैसे विचारले तर आमचे ‘हे’ गप्पच बसले. मुलगी म्हणाली, “मी सायकलने जाईन. ईदीचे पैसे साठवलेत मी. नवी घेऊ या.”

मी लगेच म्हणाले, “नवी कशाला? नानांची सायकल आहे की.”

या एका वाक्याने सुरू झालेली गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. त्यात माझी चूक आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकते. शाळेत मुलांना मी नेहमी सांगते की चूक लपवली की ती दुप्पट होते. मग इथे लपवून कसं चालेल?

अब्बा रेल्वेत होते. मिरज जंक्शनवर, डबे-वाघिणी तपासणाऱ्या खात्यात फिटर. त्या काळी मिरजेला ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांच्या गाड्या यायच्या. आम्ही तेव्हा सांगलीत नदीजवळच्या जुन्या घरात राहायचो. अब्बा रोज सांगली ते मिरज सायकलने जात. आधी त्यांच्याकडे सगळ्यांकडे असायची तशी काळी, दांडी-ब्रेकची जड सायकल होती. 1988 साली त्यांनी ती विकून एक ‘स्पोर्ट्स’ सायकल घेतली. बारीक टायर, हलकी फ्रेम, तारेचे ब्रेक, चमकणाऱ्या रिम. मोहल्ल्यातली पोरं बघायला आली होती. रस्त्यावर पळवायची सायकल म्हणजे काय, हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्याच सायकलवर मी शिकले. आधी दांडीखालून पाय घालून, अर्ध्या पायडलवर. मग सीटवर. मी बारा-तेरा वर्षांची असेन. एक खाला घरी येऊन अम्मीला म्हणाल्या, “लडकी सैकल चलाती? लोगां क्या बोलेंगे?” अब्बा आतून ऐकत होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी सीट दोन बोटं खाली केली. पुढे मी डी.एड.ला, मग बी.एड.ला गेले, ती याच सायकलवर. आज मी वर्गात उभी राहून उर्दू आणि मराठी शिकवते, त्यात त्या दोन बोटांचा वाटा आहे असं मला कायम वाटतं.

म्हणून ती सायकल माझ्यासाठी साधी सायकल नव्हती. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला, तेव्हा जुन्या घरात ती कित्येक दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर अब्बांनी गाळातून आधी ती बाहेर काढली. सीटची नळी ओढून काढली, सायकल उलटी केली, आतलं पाणी सांडू दिलं आणि वरून तेल ओतलं. अम्मीच्या पश्चात अब्बा आमच्याकडे मिरजेला आले, तेव्हा सायकलही आली. जिन्याखाली चादर पांघरून उभी राहिली.

ती पुन्हा रस्त्यावर आणायची, आणि माझ्या मुलीने त्यावरून कॉलेजात जायचं. मला हे चित्र फार आवडलं. शिवाय इसराफ नको, उधळपट्टी नको, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धडधाकट वस्तू घरात असताना नवी आणणं मला पटेना.

मुलगी एवढंच म्हणाली, “अम्मी, मला जरा उंच होते ती.” मी म्हणाले, “मी तर दांडीखालून चालवायचे.” ती गप्प बसली.

मी सायकल मिस्त्री चाचांकडे नेली. वय सत्तरीच्या पुढे, दुकान म्हणजे एक टपरी आणि बाहेर निंबाचं झाड. आधी त्यांनी फ्रेम तपासली. ते बघून मी बरंच शिकले. तुमच्याही घरी जिन्याखाली एखादी सायकल असेल, म्हणून सांगते.

जुन्या सायकलीत सगळं बदलता येतं, फ्रेम सोडून. फ्रेम बदलली की सायकलच बदलली. म्हणून आधी फ्रेम. चाचांनी हँडलखालच्या जोडावर बोट फिरवलं. समोरून जोरात धडक बसलेली असेल तर पुढच्या दोन नळ्यांच्या खालच्या बाजूला, जोडाच्या जरा मागे, रंगाला सुरकुत्या पडतात किंवा फुगवटा येतो. तो नव्हता. मग बाजूने चिमटा बघितला, तो मागे वाकलेला नाही ना. मग त्यांनी साधा दोरा घेतला. मागच्या चाकाचा अक्ष बसतो तिथे एका बाजूला बांधला, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आणून ताणून बांधला. सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर पट्टीने मोजलं. दोन्हीकडे सारखं आलं. म्हणजे फ्रेम सरळ. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी आलं असतं, तर मागचा भाग वाकलेला. पोलादी फ्रेम असेल तर थोडा वाक जाणकार मिस्त्री काढू शकतो. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम वाकली तर ती पुन्हा सरळ करून वापरू नये, ती तिथूनच तुटण्याची भीती असते.

शेवटी गंज. वरचा गंज घासला की जातो. धोक्याचा असतो तो आतला. पायडलचा कणा जिथून जातो, ती सायकलीची सगळ्यात खालची जागा. आत शिरलेलं पाणी तिथेच साचतं. चाचांनी कणा काढून आत बॅटरी मारली. पुरानंतर अब्बांनी ओतलेल्या तेलाने काम केलं होतं. चाचा म्हणाले, “टीचर, अब्बांनी वाचवली तुमची सायकल. करू या ओव्हरहॉलिंग.” आम्ही लहानपणी ‘ओव्हरऑईल’ म्हणायचो, कारण काम झाल्यावर तेलाचाच वास यायचा.

चाचांनी अंदाज दिला तीन हजारांचा. मी खूश. नवीच्या पाव किमतीत काम होणार.

पण जुन्या वस्तूच्या दुरुस्तीत पहिला अंदाज कधी टिकत नाही, हे घर बांधलेल्या कुणालाही विचारा. पहिला दणका टायरचा. टायरवर 26 लिहिलेलं होतं, म्हणून मी मोबाइलवरून 26 इंची टायर मागवले. आले ते रिमवर बसेचनात. चाचा हसले. मला वाटायचं, 26 म्हणजे 26. पण तसं नाही. 26 इंची नावाची निरनिराळ्या मापांची चाकं असतात. डोंगरी, जाड टायरच्या सायकलीचं 26 वेगळं आणि जुन्या स्पोर्ट्स सायकलीचं 26 वेगळं. वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असल्या की आपण आडनावाने हाक मारतो, तसंच टायरचं आडनाव बघायचं असतं. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत दोन आकडे असतात. आमच्या टायरवर 37-590 होतं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. डोंगरी सायकलीचा दुसरा आकडा 559 असतो. 31 मिलिमीटरचा फरक! माझे 640 रुपये पाण्यात गेले, कारण तोवर मी पाकीट फाडून टाकलं होतं.

गंमत म्हणजे अब्बांनी विकलेली ती जुनी काळी सायकल आज असती, तर काम सोपं झालं असतं. 28 इंची काळी सायकल आपल्या देशात अजून बनते. दूधवाले, गॅसवाले, शेतकरी ती वापरतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या काळ्या सायकलीला आजचा टायर, आजची रिम, आजचा कणा बसतो. सोनिपतच्या अ‍ॅटलसने 1951 पासून आणि लुधियानाच्या हीरोने 1956 पासून असल्या सायकली घराघरांत पोहोचवल्या. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 च्या 3 जूनला, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. तरी बाजारात सुटे भाग मिळतातच, कारण माप सगळ्यांचं एकच. वस्तू किती जुनी यापेक्षा तिचं माप अजून चालू आहे का, यावर दुरुस्ती अवलंबून असते, हे मला तेव्हा कळलं.

असो. चार दुकानं फिरून योग्य टायर मिळाले. सगळं झाल्यावर हिशेब असा झाला. रंगाला, म्हणजे पावडर कोटिंगला 1,300. टायर-ट्यूब 1,100. चेन आणि फ्रीव्हील 520. कणा, छर्रे, कॉटर पिना, ग्रीस 260. ब्रेकच्या तारा आणि रबर 240. तुटलेले आरे बदलून चाकांचा आउट काढायला 300. नवी सीट 450. मजुरी 900. एकूण 5,070 रुपये. वाया गेलेले 640 धरले तर 5,710. अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट.

पण सायकल काय दिसत होती! गडद हिरवा रंग, घासून आरशासारख्या केलेल्या रिम. मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. वर्गात मुलांना ‘दुरुस्ती’वर निबंध लिहायला दिला. मुलगीही हसत हसत कॉलेजात जाऊ लागली. अब्बा मात्र सायकलीभोवती एक फेरी मारून नुसते “अच्छी दिखती” म्हणाले. ‘दिखती’ या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला होता, तो मला नंतर आठवला.

जुलैत पाऊस लागला. एका संध्याकाळी मुलगी उशिरा आली. ओढणी भिजलेली, चेहरा उतरलेला. म्हणाली, “पाऊस होता, थांबले होते.” मी चहा दिला. रात्री नमाजनंतर अब्बांनी मला जिन्याखाली बोलावलं. सायकलचं हँडल चाकाच्या रेषेत नव्हतं, किंचित फिरलेलं होतं. डावं पायडल खरवडलेलं. हिरव्या रंगावर एक लांब चरा.

“बच्ची गिरी है,” अब्बा म्हणाले.

मुलीला हाक मारली. तिने सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली. गुडघा सोलवटलेला, कोपरही. हळूहळू सगळं सांगितलं. चौकात पुढची एसटी एकदम थांबली. तिने दोन्ही ब्रेक दाबले. सायकल थांबलीच नाही, घसरत पुढे गेली. तिने हँडल बाजूला वळवलं. एक पाय टेकवायला गेली, तर पाय जमिनीला पोहोचेना. एसटीच्या मागच्या बाजूपासून हातभर अंतरावर ती पडली. मागून काही येत नव्हतं, अल्हम्दुलिल्लाह.

मी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

ती म्हणाली, “तू किती खूश होतीस. अम्मी, ही सायकल तुझ्या आठवणींच्या मापाची आहे. माझ्या मापाची नाही.”

मी काही बोलू शकले नाही. अब्बांनी चाकावर पाण्याचा हात फिरवला, ब्रेक दाबून चाक फिरवून दाखवलं. रबर रिमवरून गुळगुळीत सरकत होतं. मग म्हणाले, “तू रंग देखी बेटी, बिरेक नै देखी.”

त्यांनी मला समजावलं ते असं. जुन्या रिम पोलादाच्या असतात, वर क्रोमचा मुलामा. कोरड्या असताना त्यावर ब्रेकचं रबर ठीक धरतं. ओल्या झाल्या की मुलाम्यावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि रबर त्यावरून घसरतं. चाकाने दोन-चार फेरे मारून पाणी पुसलं गेल्यावर कुठे पकड येते. तोवर सायकल पुढे गेलेली असते. नव्या सायकलींच्या रिम बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. त्याही पावसात कमी धरतात, पण पोलादाइतकी वाईट गत होत नाही. नवं रबर घालून हा दोष जात नाही. मी 240 रुपये खर्चून ब्रेक नवे केले होते, रिम मात्र घासून अजून गुळगुळीत करून ठेवल्या होत्या.

“रेल्वेत गाडी कितीही नवी रंगवलेली असली,” अब्बा म्हणाले, “तरी ब्रेक पॉवर सर्टिफिकेटशिवाय आम्ही तिला सोडत नव्हतो. डब्याचा रंग कुणी विचारत नव्हतं.”

“मग मला आधी का नाही सांगितलंत?”

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, “मलापण वाटलं, बच्ची त्या सायकलवर बसावी.” म्हणजे चूक एकट्या माझी नव्हती. दोन मोठ्या माणसांनी आपली आठवण एका लहान मुलीच्या पायाखाली दिली होती, आणि पाऊस आला तेव्हा ती एकटी होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. न्याहारीनंतर आम्ही आधी करायला हवं होतं ते काम केलं. माप घेतलं. हे माप कुणालाही घरी घेता येतं. अनवाणी, भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहायचं. दोन्ही पायांच्या मध्ये एखादं जाड रजिस्टर आडवं धरून वर टेकेपर्यंत सरकवायचं, आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत अंतर मोजायचं. मुलीचं आलं 71 सेंटिमीटर. सायकलीच्या आडव्या दांडीची जमिनीपासून उंची 75. म्हणजे दांडीवर पाय टाकून ती दोन्ही पावलं टेकून उभीच राहू शकत नव्हती. रस्त्यावर चालवायच्या सायकलीत उभं राहिल्यावर दांडी आणि शरीर यांत निदान दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा हवी. मग मी माझं माप घेतलं. 78. मी अब्बांसारखी उंच, मुलगी तिच्या दादीवर गेली आहे. ती सायकल त्या घरात एकाच बाईच्या मापाची होती, आणि ती मी होते.

सीटचंही माप असतं. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची, पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग पावलाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट खूप खाली असली की गुडघे दुखतात. आपल्याकडे मुलांना ‘दोन वर्षांत मोठा होईल’ म्हणून मोठी सायकल घेऊन देतात. चपला आपण एक माप मोठ्या घेतो तशी. पण मोठ्या चपलेने मूल फार तर अडखळतं. मोठ्या सायकलवर ते रस्त्याच्या मधोमध थांबू शकत नाही.

मग घरात मशवरा झाला. मुलीच्या ईदीचे 3,200, नानांचे 2,000, बाकी आम्ही दोघांनी घातले. नवी सायकल घेतली. लहान फ्रेम, आडवी दांडी उतरती, अ‍ॅल्युमिनियमच्या रिम, बारीकसर टायर. गिअर घेतले नाहीत. मिरज-सांगली रस्ता सपाट आहे, तिथे गिअरची गरज पडत नाही आणि त्यांची देखभाल वाढते. सायकल 11,200 ला. मडगार्ड, कॅरियर, कुलूप आणि मागचा लाल दिवा यांचे 1,150 वेगळे. हेही लक्षात ठेवा, दुकानातल्या किमतीत हे बरेचदा धरलेलं नसतं. दुकानदाराने दाखवलेल्या दुसऱ्या एका सायकलीचा रंग मुलीला फार आवडला होता. पण तिने आधी दांडीवर पाय टाकून दोन्ही पावलं टेकवून बघितली, मग ब्रेक दाबून बघितले, आणि मग हीच घेऊ म्हणाली. मी तिथे एक शब्द बोलले नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग जुनी सायकल दुरुस्त करूच नये का? तसं नाही. माझ्या भाच्याचं उदाहरण सांगते. तो पुण्यात नोकरीला आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यत आणि त्यातला ‘घाटाचा राजा’ किताब यांचं त्याला लहानपणापासून वेड. त्याने जुन्या बाजारातून एक वाकड्या हँडलची विलायती रेसर सायकल स्वस्तात घेतली आणि मला फोन केला, “खाला, तुम्ही तर तज्ज्ञ झालात, करू का हिला चालू?” मी त्याला चारच प्रश्न विचारले. तेच तुमच्यासाठी लिहिते.

पहिला, फ्रेम सरळ आणि निरोगी आहे का? दोरा, सुरकुत्या, आतला गंज. इथे ‘नाही’ आलं, तर पुढचे प्रश्न विचारूच नका.

दुसरा, ती चालवणाऱ्याच्या मापाची आहे का? चालवणारा म्हणजे जो रोज बसणार तो. ज्याला ती आवडते तो नव्हे.

तिसरा, तिच्या मापाचे भाग मिळतात का? भाच्याच्या सायकलीची चाकं 27 इंची निघाली. टायरवर दुसरा आकडा 630. आजच्या रोड सायकलींचा आकडा 622 असतो. फरक फक्त आठ मिलिमीटरचा, पण तेवढ्याने टायर बसत नाही. 622 ची चाकं घालायची तर ब्रेकचं रबर चार मिलिमीटर खाली सरकवता आलं पाहिजे. त्याच्या ब्रेकमध्ये तेवढी जागा होती. म्हणून त्याने अ‍ॅल्युमिनियमची नवी चाकं घातली आणि पावसाचाही प्रश्न सुटला.

चौथा, दुरुस्तीचा पूर्ण खर्च नव्या सायकलीच्या किती जवळ जातो? मिस्त्रींच्या अंदाजात निम्मा आणखी धरा. एवढं करून नवीच्या निम्म्याच्या आत बसत असेल तर खुशाल करा. त्याच्या पुढे गेलं, तर तो शौक समजायचा. शौक वाईट नाही, पण त्याचा खर्च शौक करणाऱ्याने आपल्या खिशातून करावा आणि त्याला काटकसर म्हणू नये. भाच्याच्या बाबतीत नवी रोड सायकल पंचवीस हजारांच्या पुढे होती, त्याचं काम नऊ हजारांत झालं. फ्रेम उत्तम, माप त्याचंच. त्याने केलं ते बरोबर केलं. मी तेच काम माझ्या मुलीसाठी केलं, ते चूक होतं. जुनं की नवं या वादात आपण बसतो, पण उत्तर बसणाऱ्या माणसाजवळ असतं.

इसराफबद्दलही माझं मत थोडं बदललं. वस्तू फेकून देणं म्हणजे उधळपट्टी, हे खरंच आहे. पण मापात नसलेली वस्तू कुणाच्या तरी गळ्यात घालणं आणि तिला काटकसर म्हणणं, हीही एक नासाडीच. मूल आपल्याकडे अमानत आहे. आपल्या आठवणी जपण्याचं काम त्याच्यावर टाकता येत नाही.

हिरवी सायकल आता मी चालवते. शाळा घरापासून दीड किलोमीटर. चेनकव्हर पूर्ण असलेलं बसवून घेतलं, म्हणजे सलवार अडकत नाही. पाऊस असला की ती जिन्याखालीच राहते, मी चालत जाते. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकात मुलं टाळ्या वाजवत होती. एक सहकारी म्हणाल्या, “या वयात?” मला त्या खाला आठवल्या. मी अब्बांसारखंच काही बोलले नाही.

परवा मुलीची नवी सायकल पंक्चर झाली. ती मिस्त्री चाचांकडे ढकलत निघाली होती, तेवढ्यात अब्बांनी हाक मारली. अंगणात बादलीभर पाणी घेतलं. टायर कसा सोडवायचा, ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे कुठून येतात ते कसं बघायचं, ती जागा घासून सोल्युशन लावून थोडं सुकू द्यायचं आणि मगच ठिगळ दाबायचं, ठिगळ लावल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा राहिला नाही ना ते बघायचं, सगळं तिच्याकडून करून घेतलं. त्यांचे हात आता थरथरतात, त्यामुळे सांगण्याचं काम त्यांचं आणि करण्याचं तिचं. टायरमध्ये बाभळीचा काटा निघाला. तिने तो नानांच्या हातावर ठेवला.

हवा भरून झाल्यावर ती सायकलवर बसायला निघाली, तर अब्बा म्हणाले, “थांब. आधी ब्रेक.”

तिने दोन्ही ब्रेक दाबून दाखवले. मग त्यांनी मान हलवली आणि ती गेली.